बरणीतली लक्ष्मी
हळदीच्या लेपाचा वास आला की मला कळंबच्या घरातली ती काचेची बरणी आठवते. बोअरला पाणी लागलं त्याच दिवशी चुलीमागून वीतभर घोण निघाली होती. घोण म्हणजे मोठी विषारी गोम. पण घरात निघालेली गोम आमच्याकडं लक्ष्मी मानतात, हळदकुंकू वाहून सोडून देतात. काकूनं ती सोडलीच नाही. बरणीत ठेवून झुरळं खाऊ घातली आणि दर शुक्रवारी झाकण काढून बोटानं तिच्या डोक्याला कुंकू लावायला लागली. एका शुक्रवारी घोण कडकडून चावली. बरणी फुटली. काकूची किंकाळी ऐकून काका अंगणातून चपलांसकट आत धावले आणि त्यांनी एक चप्पल उगारली. "मारू नगा, लक्ष्मी हाय ती!" बोट दाबून धरत काकू कळवळली. "आगं, लक्ष्मी चावती व्हय?" "माझंच कायतरी चुकलं आसंल!" घोणीच्या डोक्यावर ताजं कुंकू होतं. काकांनी उगारलेली चप्पल खाली टाकली. मग त्यांनी पायातली दुसरी चप्पलही काढली आणि हात जोडले. काकूचा हात कोपरापर्यंत सुजला, कितीतरी दिवस त्यावर हळदीचा लेप होता. परवा माझ्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये गोम निघाली. मारायला मी एक चप्पल काढली, आणि बघते तर दोन्ही पाय अनवाणी.