एसीखालचा कौल

माझा स्वभाव संशयी आहे असं सासरी सगळे म्हणतात. खरं आहे. दुधावरची सायसुद्धा मी उलटून बघते. पण हा स्वभाव मी जन्माला येताना आणला नव्हता. तो मला कुवेतच्या अब्बासियातल्या एका हॉलमध्ये, बारावीच्या सुट्टीत लागला.

तिथल्या एका काकांच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी आमची कोकणातली मंडळी जमायची. उघड पूजा तिथे चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर न ठेवता आत आणायच्या, खिडक्या बंद करायच्या, टाळ हळू वाजवायचे. आरती झाली की कौल. काकांनी गावाहून देवाचा एक काळा पाषाण आणला होता. त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावी हे काम गुरव करतो, तिथे काका करायचे. नोकरी बदलू का, घर बांधायला काढू का, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरायचं. आणि काका होतेही तसे. कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्या घरून जायचा. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे आपणच पापी.

मला पुण्याला कायदा शिकायला जायचं होतं. आई नाही म्हणत होती आणि कारण सांगत नव्हती. बाबा काहीच म्हणत नव्हते, कारण बाबा आणि आई एकमेकांशी बोलत नसत. कशावरून बिनसलं ते मला आजही नीटसं माहीत नाही. आई जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात नर्स, बाबा एका कंपनीची बस चालवायचे. दोघं घरात असले की मधे मी. ‘बाबांना सांग, जेवण वाढलंय.’ ‘आईला सांग, भूक नाही.’ एका खोलीत बसून!

शेवटी मी काकांना एकटीच भेटले. स्वयंपाकघरात ते प्रसादाचा शिरा ढवळत होते. मी सगळं ओकले. म्हटलं, काका, मी या घरातली टपालवाली झालेय, मला श्वास घ्यायचाय, तुम्ही आईला समजवा. बोलता बोलता रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बाय, माका सांगलंस म्हणजे देवाक सांगलंस. ह्या कानाचा त्या कानाक कळाचा नाय. शुक्रवारी कौल लावूया.”

शुक्रवारी डावी पाकळी पडली.

मी देवाला दोष दिला नाही, नशिबाला दिला. घरी आल्यावर मात्र आईशी कडाक्याचं भांडण झालं. त्या भरात ती म्हणाली, “आमी काय तुका टपालवाली करून ठेवलंव?”

तो शब्द मी काकांशिवाय कुणाकडे उच्चारला नव्हता. मैत्रिणीकडेही नाही.

त्या दिवसापासून मी शुक्रवारी डोळे मिटणं सोडलं. सगळे हात जोडून बसले की मी टक लावून बघत राहायचे. हॉलला खिडकीतला जुना एसी होता, पाषाणाच्या बरोबर वर. कौल लावण्याआधी काका उठायचे, “पोरांका थंडी वाजता,” म्हणत एसीच्या पट्ट्या हाताने इकडे किंवा तिकडे वळवायचे. किती माया, असं इतकी वर्षं वाटायचं. जहराहून येणारा एक कारकून आमची पेटी वाजवायचा. त्याला दुबईला नोकरी मिळत होती. त्याने कौल मागितला तेव्हा पट्ट्या डावीकडे वळल्या. पाकळीही डावीच पडली. पेटी वाजत राहिली.

घरी आमचा दगडी खल एसीखाली पालथा घालून मी दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. वारा लागला ती बाजू आधी सुकली आणि आधी पडली. मला इतका राग आला की तो खल खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, माझा कौल परत लावा. एसी बंद करून.”

ऑगस्ट महिना. कुवेतमध्ये ऑगस्टात कुणी एसी बंद करत नाही, मशिदीत नाही की दुकानात नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काका हसले, म्हणाले, देवाची परीक्षा घेऊ नये. मी उठून बटण बंद केलं आणि तिथेच उभी राहिले.

पाकळ्या लावल्या. माणसं घामाने निथळायला लागली. कुणाचं तरी बाळ किरकिरायला लागलं. पाकळ्या जागच्या हलेनात. एक आजोबा बटणाकडे यायला उठले, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, “बंदच ऱ्हवांदे.” बाबा चारचौघांत कधी तोंड उघडत नसत.

काकांनी रुमालाने मान पुसली आणि आईकडे पाहिलं. ती नजर मी पकडली. आईनेही पाहिलं की मी पकडली.

“तेंका कित्याक छळतंस?” आई उभी राहिली. “डावो कौल मीच मागितललंय.”

“कित्याक?” बाबांनी विचारलं. थेट तिला.

“चेडू गेला काय मगे त्या घरात माझ्याशी कोण बोलतला? तुमी?”

बाबांची मान खाली गेली. माझा सगळा राग आईवर उलटायला हवा होता, पण मला तिची इतकी दया आली की मी बटणापासून बाजूला झाले. तेवढ्यात काकांचे हात वर गेले.

“बघितलात? देवान कसा वदवून घेतल्यान!”

आणि सगळ्यांनी हात जोडले. ज्याने माझं गुपित माझ्या आईला विकलं, तिच्या भीतीवर आपला देव्हारा चालवला, त्याच्याच पाषाणाला! एसी सुरू झाला, शिरा वाटला गेला. पुढच्या शुक्रवारी म्हणे हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. आईनेही हात जोडले होते.

घरी जाताना बाबा गाडी चालवता चालवता आईला म्हणाले, “तिका जाऊंदे.” आई म्हणाली, “जाऊंदे.” मी पुण्याला गेले, शिकले, इथेच संसार केला. ती दोघं अजून कुवेतमध्येच आहेत आणि आता एकमेकांशी बोलतात, थोडंफार. आई अजून शुक्रवारी काकांकडे जाते.

आई रोज फोन करते. “बाय, काय नवीन?”

मागच्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं. मला तिच्या कुशीत शिरून रडायचं होतं. तिचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. शुक्रवार होता, ती काकांकडेच निघाली होती.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “सगळं बरं आहे.”