खानावळीतले इटलीचे दोन मेंबर

परभणीत खानावळ चालवून मला आता बरीच वर्षं झाली. कुणाचं कान देऊन ऐकायला मला वेळ कुठला? पण पोळी वाढता वाढता जे कानावर पडतं ते साचतच जातं. त्यातले सगळ्यात जास्त किस्से दोनच मेंबरांचे, आणि तेही जेमतेम दोन महिने राहिलेले. मार्ता आणि पाओलो, नवराबायको, इटलीचे. आमच्या इथल्या शिशुगृहातली दीड वर्षाची मुलगी त्यांना दत्तक मिळणार होती. कलेक्टर साहेबांची सही व्हायची होती, मग तिचा पासपोर्ट. तोवर रोज तासभर मुलीला भेटायचं आणि उरलेला दिवस परभणी बघायची.

आता परभणीत बघायचं काय, यावरून पहिल्याच दिवशी आमच्याकडं भांडण. बँकेतले जाधव सर म्हणाले दर्गा, विद्यार्थी मेंबर म्हणाले कृषी विद्यापीठ. एसटीचे कंडक्टर मुंडे म्हणाले, "काय हाय इथं बघायला? गंगाखेडला धाडा, गोदावरी तरी दिसंल."

दुसऱ्या दिवशी ते दोघं आपले आपणच फिरून आले. मार्तानं मोबाईल दाखवला. सगळे फोटो एकाच रसवंतीचे. चरक, उसाच्या मोळ्या, चरकाला बांधलेले घुंगरू. जाधव सरांचं तोंडच उतरलं.

मुंडे म्हणाले, "जाऊ द्या सर. आपुन तरी ते घुंगरू कधी नीट बघितलेत का?"

पाओलोचं वेगळंच. एकदा मानवतचा बाजार बघायला गेला आणि आला तो डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल. वाटेत एक लग्न लागत होतं म्हणे. हा मांडवाबाहेर उभा राहून बघत होता, तर कुणीतरी हाताला धरून आत नेला, पंगतीत बसवला आणि रीतीप्रमाणं टॉवेल-टोपीचा आहेर केला! गड्याला वाटलं, हा इकडचा सभ्य पोशाख. दुसऱ्या दिवशी कलेक्टर ऑफिसला तसाच गेला.

त्याआधी महिनाभर सहीची चौकशी करताना त्याला तिथं उभं राहावं लागायचं. त्या दिवशी शिपायानं स्वतःहून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "कोणत्या गावचे पाव्हणे?"

पाओलो टोपीला हात लावून म्हणाला, "मानवत."

शेजारच्या कमलाबाईंनी एक दिवस फर्मान काढलं, "लेकरू येणार हाय तर डोहाळे पुरवायलाच पाहिजेत."

"अहो, तिला दिवस थोडेच गेलेत?" मी म्हटलं.

"वाट तर बघायलीय ना? मग झालं."

जाधव सरांनी मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, बाई, तुम्हाला काय खावंसं वाटतं? मार्तानं पाओलोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लाजत लाजत लिहिलं, "तिखट नसलेली भाजी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा आठवडे ती बिचारी माझी भाजी पाण्यात धुऊन खात होती, आणि मी समजत होते, इटलीची पद्धत असेल.

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एका गोष्टीला कुणी हसत नव्हतं. मुलगी मार्ताकडं जातच नव्हती. दिसली की किंचाळायची. एक दिवस मार्ता ताटावर बसून रडायला लागली. सही झाली तरी या लेकराला ओढून कसं न्यायचं, असं तिनं मोबाईलवर लिहून दाखवलं.

कमलाबाई म्हणाल्या, "त्या लेकरानं आजवर सगळ्या बाया साडीतच बघितल्या. पँटवाल्या बाईचा पदर कुठं धरंल ते? मांडी कुठं हुडकंल?"

मी माझी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली आणि डझनभर पिना लावून तिला नेसवली. पाओलो तिला धरून धरून घेऊन गेला. तासाभरानं दोघं आले. मुलगी मांडीवर आली नव्हती. पण तासभर तिनं पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

त्या दिवशी माझ्या हातून आमटीत मीठ दुप्पट पडलं. एकाही मेंबरनं तक्रार केली नाही. मार्ता मात्र रोज साडी नेसून जायला लागली.

मग एकदाची सही झाली, पासपोर्टही आला. जायच्या दिवशी दोघं मुलीला घेऊन जेवायला आले. मुलगी मार्ताच्या कडेवर होती. इतक्यात शांतामावशी आल्या. शिशुगृहात या मुलीला पहिल्या दिवसापासून त्यांनीच वाढवलेलं, न्हाऊमाखू घातलेलं. त्या दारातच थांबल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

"ये गं माय, एकडाव ये माह्याकडं."

मुलीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग तोंड फिरवलं आणि मार्ताच्या पदरात घातलं.

मावशींचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. मग तेच हात त्यांनी मुलीवरून उतरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या आणि पंगतीत बसल्या. "वाढा मला. लय दिवसांनी भूक लागलीय."