हाकेची वाट बघणारं गिऱ्हाईक

वडवणीच्या बाजारात राधाकिशन तात्यांची एक खोड सगळ्यांना पाठ होती. बैल असो, फवारणीचा पंप असो नाहीतर लग्नातलं लुगडं, भाव ऐकला की तात्या धोतर झटकायचे, "ऱ्हाऊ द्या मग" म्हणायचे आणि चालू लागायचे. मागं वळून बघायचं नाही. दुकानदाराची हाक आली की सौदा आपला. हाक मारली तो हरला, हा त्यांचा कायदा.

हा कायदा उभ्या आयुष्यात एकदाच फसला होता, तोही स्वतःच्या लग्नाच्या सुपारीत. मानपानावरून रुसून तात्या पार वेशीपर्यंत गेले आणि सासऱ्यानं हाकच मारली नाही. लिंबाखाली बराच वेळ बसून नवरदेव आपल्या पायांनी माघारी आला. ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, लोणच्यासारखी मुरवत ठेवली होती, वेळप्रसंगी वाढायला.

तशी वेळ आली मोहिनीच्या बाळंतपणात. लेक आयर्लंडमध्ये, डब्लिनला नर्स. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली.

"लेकीला माहेरी येता येईना तर माहेरच तिकडं जाईल," असं सांगून सुंदरबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. व्हिसाही आला. म्हशी कुणाच्या भरवशावर सोडायच्या, म्हणून तात्यांनी घरीच राहायचं ठरलं. आता फक्त तिकीट काढायचं होतं, आणि मोहिनीचे दिवस भरत आले होते.

तात्यांच्या भावाची लेक धनश्री अंबाजोगाईला शिकत होती. ती लॅपटॉप घेऊन आली आणि तिनं विमान कंपनीचं पान उघडलं. पैसे भरायच्या ठिकाणी दोन आकडे आले, एक युरोत, एक रुपयात. खाली मोठ्या आपुलकीनं लिहिलं होतं, 'तुमच्या सोयीसाठी रुपयात भरा, भाव पक्का.'

"रुपयातच दाब," तात्या म्हणाले. "आपला रुपया काय वंगाळ हाय का?"

"तात्या, ती सोय त्यांची हाय, आपली न्हाई. रुपयात भरलं की युरोचा भाव ते लोक त्यांच्या मनानं चढा लावतेत. युरोत भरलं तर भाव आपल्या बँकेकडून लागतो. बँक बी कमिशन घेती, पण मी इचारून घेतलंय. तरी बी ते सस्तं पडतंय."

"म्हंजी हिकडं बी दलाल आन तिकडं बी दलाल!" तात्यांनी धोतर झटकलं. "बंद कर. उठायचं."

"कुठून उठायचं?"

"दुकानातून. जरा घाम फुटू दे त्येला."

धनश्रीनं कपाळाला हात लावला. पान बंद झालं. सुंदरबाईंचे त्या दिवशीचे लाडू फारच कडक वळले गेले.

दुसऱ्या दिवशी धनश्रीच्या फोनवर निरोप आला: 'तुमचं तिकीट अजून तुमची वाट बघतंय!'

तात्या अंगणभर नाचायचेच बाकी राहिले. "बघा! मारली का न्हाई हाक? आता उघड."

उघडलं, तर भाव कालच्यापेक्षा वर गेलेला. हाक मारून भाव वाढवणारा दुकानदार तात्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "हे कसलं बेईमान दुकान!" म्हणत त्यांचा हात पुन्हा धोतराकडं गेला.

"खबरदार!" सुंदरबाई कडाडल्या. "त्या तारखेला जागा थोड्या ऱ्हायल्यात म्हणती पोरगी. पुढच्या इमानानं गेले तर लेक एकलीच बाळंत व्हईल. माझ्या बापानं हाक मारली न्हवती, तवा आलात की न्हाई गपगुमान माघारी? बसा खाली."

तात्या बसले. परक्या मुलखात लेक कळा देतेय आणि उशाशी माय नाही, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि भावाबिवाचं सगळं डोक्यातून उतरलं. "घे," ते म्हणाले. आणि वर, "पन युरोतच घे बरं का."

बँकेचा संदेश आला, तेव्हा पानावरच्या रुपयांच्या आकड्यापेक्षा एका चांगल्या शेळीच्या किमतीएवढे पैसे कमी गेले होते. ही शेळी तात्यांनी हॉटेलात, पारावर, सोसायटीत, सगळीकडं फिरवली. "सोय म्हणलं की सावध व्हायचं. त्यांचा भाव त्यांच्याच पैशात द्यायचा, बदलायचं काम आपल्या बँकेचं," असं ते ज्याला त्याला समजावायचे.

"आन दुकानातून उठलात त्यापायी दोन शेळ्या गेल्या, त्या बी सांगा की," सुंदरबाई घरातून ओरडायच्या.

मुंबईच्या विमानतळावर दारातूनच निरोप घ्यायचा होता. सुंदरबाईंनी म्हशींच्या सूचना तिसऱ्यांदा दिल्या, पिशवी छातीशी धरली आणि कागद दाखवून आत गेल्या. मागं वळून बघितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याही तेवढं शिकल्या होत्या.

तात्या उभेच राहिले. घरी जाऊन चहा कुणाला मागायचा, हे इतके दिवस त्यांना सुचलंच नव्हतं. बाई गर्दीत दिसेनाशी व्हायला लागली. हाक मारली तो हरला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"अगं ए, मोहिनीची माय!"

सगळं विमानतळ वळलं. सुंदरबाईही वळल्या आणि लांबूनच हातानं विचारलं, काय?

"काई न्हाई," तात्या ओरडले. "लवकर ये."