मामांचं पाणी पांढरं होत नाही

परवा दोन जुने विद्यार्थी भेटले, चहा मागवला आणि आमच्या केमिस्ट्री लॅबचे किस्से निघाले. या किश्श्यांचं असं आहे, एक काढला की त्याच्या मागून दुसरा येतोच. आणि प्रत्येकात कुठे ना कुठे रसूलमामा असतातच!

रसूलमामा म्हणजे राजारामपुरीतल्या आमच्या कॉलेजचे लॅब अटेंडंट. डिस्टिल्ड वॉटर रोज सकाळी ते स्वतः काढायचे. मग टेस्ट ट्यूबमध्ये थोडं घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पाण्यात जरा जरी मीठ असलं तरी ते दुधासारखं पांढरं होतं. मामांचं मात्र नितळ राहायचं. "रिटायर होईपर्यंत माझं पाणी एकदाबी पांढरं होणार न्हाय!" असं त्यांनी अख्ख्या कॉलेजला ऐकवलं होतं.

* * *

मी नवीन होते. घाईघाईत सिल्व्हर नायट्रेट चक्क नळाच्या पाण्यात डायल्यूट केलं. सगळी बाटली पांढरीफेक! एवढं महागाचं केमिकल, मी रडायच्या बेतात.

मामांनी बाटली उजेडात धरली. "दूध झ्याक झालंय मॅडम. च्या टाकू का?"

* * *

गारगोटीच्या एका पोराला सांगितलं होतं, दहा मिली नायट्रेट घे आणि पाणी घालून शंभर कर. त्याने दहामध्ये वर शंभर ओतलं, झालं एकशे दहा!

मामा चिडले. "आरं, तुझ्या आईनं रश्श्यात तांब्याभर पाणी जास्त ओतलं तर चालंल का?"

"पावणं जास्त आलं की ओततीच की!"



* * *

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की दुसऱ्या दिवशी काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. चंदगडच्या एका मुलीची दहाही बोटं काळी झाली. ती तशीच सुट्टीला घरी गेली. घरचे काय म्हणतील, या काळजीने मला दोन दिवस चैन नव्हतं.

सोमवारी तिला विचारलं. "काय न्हाय मॅडम," ती म्हणाली. "आईचीबी बोटं काजूच्या चिकानं काळीच असत्यात. तिला वाटलं, कॉलेजातबी काजूच फोडायला लावत्यात!"

* * *

एकदा प्रॅक्टिकलला एका पोराची ट्यूब सारखी पांढरी व्हायला लागली. पाणी मामांचं, ट्यूब धुतलेली, तरी पांढरी! पोरं मामांकडे बघून हसायला लागली. मामांचा चेहरा पडला.

पोरगा ट्यूबच्या तोंडावर अंगठा दाबून ती हलवत होता. मामांनी त्याचा अंगठा धरला. "काय खाऊन आलायस?"

"भडंग."

"मीठ हाय ते! माझ्या पाण्याचं नाव घालवतोस व्हय?"

त्या दिवसापासून लॅबच्या दारावर पाटी लागली : भडंग खाऊन आत येऊ नये!

* * *

मग मामांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून पाणी बाजारातून कॅनमध्ये येणार होतं. सकाळी त्यांनी नेहमीसारखं पाणी काढलं. मला फार वाईट वाटत होतं. ट्यूब हातात धरून ते तिच्यावर वाकून बराच वेळ उभे राहिले. मग दोन थेंब टाकले.

पाणी पांढरं झालं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी मामांकडे बघितलं. त्यांनी घाईने बाहीला डोळे पुसले.

"पाण्यात काय दोष न्हाय मॅडम," ते म्हणाले. त्यांनी दुसरी ट्यूब भरली आणि माझ्या हातात दिली. "थेंब तुम्ही टाका. मी तिकडं खिडकीपाशी थांबतो."

मी ट्यूब चांगली हातभर लांब धरली आणि थेंब टाकले.

"काय झालं?" मामांनी मागे वळून न बघता विचारलं.

"नितळ आहे, मामा!"