ताईचा शोधनिबंध तिने वाचला होता

माझी थोरली बहीण, आमची ताई, ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर आहे. उभं राहून राहून तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, तिने दिलेला नाही. नर्सिंग शाळेत शिकवायची एक जागा निघणार होती. बसून करायचं काम. त्यासाठी ती पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा वर्गात जाऊन बसली. ज्याचा शोधनिबंध सरस त्याला जागा, असा सरळ हिशोब होता.

वर्गात जोड्या लावल्या होत्या. एकमेकींचा मसुदा वाचायचा आणि सूचना द्यायच्या. ताईच्या वाट्याला तिच्याच वॉर्डातली मैत्रीण आली. मी तिला गोडबोली म्हणते, आणि हे नाव मी फार आधी ठेवलंय.

ताईला वरवर वाचताच येत नाही. एका रविवारी गोडबोलीला समोर बसवून ताईने मैत्रिणीचा मसुदा आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. वाचून काय कळलं ते आधी दोन ओळींत लिहिलं, मग जिथे अडखळली तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. "तू विचारतेस झोपेबद्दल आणि मोजतेस दुखणं," ती म्हणाली. "मोजमाप चांगलंय, प्रश्नच बदल." गोडबोली खूश. "अजून काही राहिलंय का गं?" असं तिने दोनदा विचारलं आणि ताईने आठवून आठवून आणखी सांगितलं.

ताईचा निबंध हात धुण्यावर होता. रुग्णाला हात लावण्याआधी वॉर्डातले किती जण हात धुतात, ते तिने मोजलं होतं. गोडबोलीने तो आधीच वाचायला नेला होता, निघताना परत दिला. "मस्त झालाय. एक काना-मात्रा बदलू नकोस." ताई दिवसभर फुललेली. मला खटकलं होतं, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण!

निबंध मांडायच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. त्या वर्गाची एक रीत होती. दुसऱ्याच्या निबंधावर जो नेमका प्रश्न विचारेल, त्यालाही गुण. ताईचं बोलून झालं आणि पहिला हात गोडबोलीचा वर गेला. एरवी 'अगं' म्हणणारी बाई त्या दिवशी 'तुम्ही' वर आली.

"हात धुणारे तुम्ही स्वतःच मोजलेत ना? सिस्टर समोर उभी असताना न धुता कोण पुढे जाईल?"

वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाई "अचूक" म्हणाल्या. ताई कागद चाळत राहिली, पण उत्तर त्यात नव्हतंच. वॉर्डात कुणी ओळखत नाही अशा माणसाकडून पुन्हा मोजून घेतलं असतं तर निभावलं असतं. वेळेत कुणी सांगायला मात्र हवं होतं.

बाहेर जिन्यात गोडबोलीने ताईचा हात धरला. "मनावर घेऊ नकोस गं. प्रश्नाला गुण होते."

"तुला हे सुचलं कधी?"

"तसं पहिल्याच वाचनात."

केसाने गळा कापणं आजवर नुसतं ऐकून होते. मी तोंड उघडणार, तोच ताईने मला कोपराने ढोसलं.  घरी पोचल्यावर दाराचं कुलूप काढताना ती रडली.

"जागा गेली त्याचं नाही गं," म्हणाली. मग म्हणाली, "त्याचंही आहेच. पण माझ्याच टेबलाशी बसून ती स्वतःच्या चुका माझ्याकडून काढून घेत होती, आणि माझी चूक मनात दाबून होती."

जागा गोडबोलीला मिळाली, ताईने सुधारून दिलेल्या निबंधावर. पुढच्या महिन्यात ती शाळेत रुजू झाली, आणि वॉर्डात नवीन माणूस येईपर्यंत तिच्या पाळ्याही ताईवरच आल्या.