उघडी ठेवलेली जागा

ती मुलामा देणाऱ्याची लेक. भांड्यावर तिळाएवढी जागा उघडी राहिली तरी बाबा करवादत, "हा बघ कामचुकारपणा!" लेकीनं शिकावं म्हणून त्यांनी दुकान एकट्यानं रेटलं. ती शिकली, संशोधनाला लागली. पण बाबांची ती शिकवण हातातून काही सुटेना.

प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडच्या काड्या वाढवायच्या, केसाहून कितीतरी बारीक. उजेड पडला की त्या पाण्यातला रंग मोडून टाकतात, पण रेंगाळत. अंगावर चांदीचे कण बसवले की झपाट्यानं. हिची पट्टी मात्र ढिम्म! रंग जाईना म्हणून ती पट्टी चांदीच्या द्रावणात, दिव्याखाली आणखी वेळ ठेवी, म्हणजे उजेडानं जास्त चांदी चढेल, आणि रंग आणखीच ठाण मांडून बसे. रोगापेक्षा इलाज भयंकर, तशातली गत. महिनाअखेर निकाल दिसला नाही तर विषय बंद आणि तिची जागा दुसऱ्याला, असं विभागानं स्पष्ट सांगितलं होतं. तिला घास गोड लागेना.

शेवटी मार्गदर्शक मॅडमनी तिची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मॅडम म्हणजे तिखट प्रकरण. कौतुकसुद्धा खेकसून करणार.

"अगं, काड्या कुठायत? सगळी चांदीच चांदी!"

"एकही जागा उघडी ठेवली नाही, मॅडम."

"तिथंच तर घोडं अडलंय! उजेड आत शिरणार कुठून? ताटाला मुलामा देतेस का?"

ती गोरीमोरी झाली. "आमचे बाबा तेच करतात," एवढंच पुटपुटली.

मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. "इतका सारखा थर मलाही जमत नाही गं. आता फक्त थांबायला शीक."

नवी पट्टी द्रावणात, दिव्याखाली ठेवली. तिच्यावर जेमतेम करडी झाक आली, तोच मॅडम म्हणाल्या, "काढ!" तिचा जीव तुटला. किती जागा उघडी राहिली होती! पण काढली.

त्या पट्टीनं जेवणाच्या सुट्टीआधी निळं पाणी नितळ केलं. विषय वाचला. तिनं मॅडमचे हातच धरले.

"पुरे, पुरे! पुढची पट्टी घे," मॅडम खेकसल्या. म्हणजे खूश होत्या.

तिनं बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी शिकवलेलंच तुला नडलं म्हणायचं."

"नडलं खरं, बाबा. पण तुम्ही नसतात, तर नडायला तरी मी इथवर आले असते का?"