सोनूबाईची एन्ट्री

वाडीतल्या दोन पिढ्या सोनूबाईच्या पायांवर न्हाल्या होत्या. खेडपासून आत असलेल्या त्या वाडीत मूल जन्मलं की तिला बोलावणं ठरलेलं. न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून ती बाळाला त्यावर निजवी, खोबरेल चोळी, काहीबाही पुटपुटे, आणि घर डोक्यावर घेणारं पोर गपगार झोपी जाई. नवरा गेला, मुलगा मुंबईत रमला. पण रोज कुणाचं तरी लेकरू हाताशी असल्यावर बाईला एकटं कशाला वाटेल?

मग तिला सिनेमात घ्यायची अवदसा समर्थला आठवली. समर्थ वाडीतलाच, खेडला लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्यालाही तिनेच न्हाऊ घातलेलं.

"आजी, म्हाताऱ्या बायांची नजर लागते असा लोक उगाच आळ घेतात ना, त्याच्यावर शॉर्ट फिल्म करतोय. तू फक्त बघत ऱ्हवायचंस."

ती बघत राहिली. छपरावर चढलेल्या कोंबडीकडे, डोळे न मिटता. एवढंच तिचं काम.

देवळासमोर पडदा लावून फिल्म दाखवली. सोनूबाई नवं लुगडं नेसून अगदी पुढे बसली. पडद्यावर आधी नुसत्या भेगाळलेल्या टाचा आल्या, कॅमेरा जमिनीला टेकवून घेतलेल्या, ह्या एवढ्या मोठ्या. मग काठीवरचा हात. मग पाठ. चेहरा काही केल्या दाखवेनात. आणि एकदम पडदाभर तिचे डोळे! लगेच पाळणा, आणि त्यात किंचाळणारं बाळ. ते बाळ कुठल्या गावचं, कधी घेतलेलं, तिला पत्ताच नव्हता. परत डोळे, परत बाळ. मागे बसलेल्या बायकांनी आपापली पोरं पदराखाली घेतली. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच स्वतःची भीती वाटली.

शेवटी म्हातारी निर्दोष ठरते. टाळ्याही पडल्या. पण शेवट त्या टाळ्यांबरोबर तिथेच राहिला आणि सुरुवात तेवढी घरोघर गेली. काशीरामच्या सुनेने "आता आम्हीच घालतो आंघोळ" म्हणून कळवलं. वाटेत भेटलेल्या गंगाने कडेवरच्या बाळाचं टोपरं डोळ्यांपर्यंत ओढलं. तोंडावर कुणी वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त झोंबत होतं. भांडायचं तरी कुणाशी?

समर्थला मुलगी झाली तेव्हा मात्र सोनूबाईच्या जिवात जीव आला. ज्याने ते तुकडे जोडले त्याला तर सगळं ठाऊक! त्याची बायको वैदेही बाळाला घेऊन घरी आल्याचं कळताच ती न बोलावता गेली, थेट न्हाणीत जाऊन पाटावर बसली आणि पाय लांब केले.

समर्थ आला तो रिकाम्या हातांनी.

"आजी, वैदेही घाबरते गो."

"ती घाबरंल. ती भायेरच्या गावची. तू सांग ना तिला. माज्या डोळ्यांम्होरं पाळणा तूच लावलास ना रे?"

समर्थ खाली बघत म्हणाला, "सांगायला गेलो होतो. पण जोडताना तो तुकडा मी इतक्या वेळा बघितलाय, आजी... तू माझ्या पोरीकडे बघशील ना, तर आता मलापण तेच दिसेल."

सोनूबाईला रडू फुटलं. तिने पाय जवळ घेतले आणि भिंतीला धरून उठली. तेवढ्यात आतून पोरीचं रडणं ऐकू आलं. सवयीने तिची मान तिकडे वळली, आणि समर्थने मधलं दार ओढून घेतलं.